प्राणेशरावांचं मनगट

प्राणेशराव एका सरकारी कारखान्यात नकाशे काढत, पण जयनगर फोर्थ ब्लॉकात त्यांना लोक ओळखत ते त्यांच्या मतांमुळे. दर रविवारी सकाळी शॉपिंग कॉम्प्लेक्ससमोरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, कॉफी पिता पिता ते मोटरसायकलींवर बोलत. डिस्क ब्रेक ही भित्र्यांची सोय. बटण दाबून सुरू होते ती गाडी नव्हे, मिक्सर. फोर-स्ट्रोक इंजिन म्हणजे सासुरवाडीत जेवून आडवा झालेला जावई. घराण्याला बेंगळुरात तीनशे वर्षं झाली होती, आणि त्यांचा आवाज असा लागे की पूर्वज घोड्यावरून उतरले ते थेट यांच्या टू-स्ट्रोकवरच बसले.

अठ्ठ्याण्णव साली आनेकलजवळच्या एका छोट्या कंपनीनं एक निराळी मोटरसायकल तयार केली. तिच्या मुठीपासून इंजिनापर्यंत जाणारी ॲक्सिलरेटरची केबलच काढून टाकली होती. मूठ पिळली की आतला सेन्सर विजेचा इशारा पाठवी आणि इंजिनापाशी बसवलेली बोटाएवढी मोटर पेट्रोल-हवेची वाट उघडून देई. ही गाडी जुन्या, मुरलेल्या चालकांना कशी वाटते ते कंपनीला जाणून घ्यायचं होतं. कारखान्याच्या नोटीस बोर्डावर आणि दर्शिनीच्या भिंतीवर कागद लागला आणि पहिलं नाव प्राणेशरावांचं पडलं.

चाचणी रविवारी होती, पण शनिवारी रात्रीच ते मत लिहायला बसले. चार पानं झाली.

"अहो, आधी गाडी बघा तरी," अहल्याबाई म्हणाल्या.

"गाडी बघितली की मत बिघडतं," प्राणेशराव म्हणाले. "केबल म्हणजे काय कळतं का तुला? ती शीर आहे शीर! मनगटातून निघून इंजिनाच्या काळजात जाते. ती कापून मध्ये बॅटरी बसवायची? उद्या बॅटरी रुसली तर माणूस रस्त्यात उभा."

"सरी, सरी, बरोबर आहे तुमचं," असं म्हणून अहल्याबाईंनी दिवा घालवला.

रविवारी ते आपल्या चोवीस वर्षांच्या गाडीवरून निघाले. होसूर रोडला बोम्मसंद्र मागे टाकलं, आणि मुठीपाशी टक् असा आवाज झाला. केबल तुटली. शीर कापली गेली आणि माणूस रस्त्यात उभा राहिला. बॅटरीचा काही दोष नव्हता.

आसपास गॅरेज नव्हतं. शेवटी त्यांनी केबलची आतली तार वरून खेचून काढली, उजव्या हाताच्या बोटाला गुंडाळली आणि डाव्या हातानं हँडल धरून, मान वाकडी करून, तार ओढत गाडी हाकली. तार ओढली की गाडी पळे, सैल सोडली की मरे. लगोरी खेळावी तसे ते कधी पुढे वाकत, कधी मागे रेलत चालले होते. मागून आनेकलची बस आली. तिच्या खिडकीत एक मुलगी बसली होती. तिनं त्यांना नीट, पुरतं पाहिलं. प्राणेशरावांनी ताठ होण्याचा प्रयत्न केला, पण त्यात तार सैल सुटली आणि गाडी बंद पडली.

कंपनीच्या फाटकाबाहेर चिंचेखाली त्यांनी गाडी लपवली, बोटाला रुमाल बांधला आणि आत गेले. त्यांना धरून आठ चालक जमले होते. त्यांचं स्वागत करायला पुढे आली ती बसमधलीच मुलगी, नीलिमा. पुण्याहून येऊन तिला वर्ष झालं होतं, आणि मूठ, सेन्सर, मोटर हे सगळं तिचंच काम होतं.

"बोटाला काय झालं, काका?"

"दारात सापडलं."

"अच्छा," ती म्हणाली आणि तिनं फॉर्म वाटले. फॉर्मात बारीक चौकटी होत्या. एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम, त्यांपैकी एका चौकटीत खूण करायची. सहावा प्रश्न मात्र लिहून द्यायचा होता: तुमच्या गाडीची केबल शेवटची कधी तुटली? शेजारी बसलेल्या भीमाचार्यांनी, म्हणजे देवळातली पूजा आटोपून स्कूटरवरून आलेल्या, दर्शिनीतल्या ओळखीच्या अर्चकांनी, प्रामाणिकपणे "गेल्या श्रावणात" असं लिहिलं. प्राणेशरावांनी रुमालातल्या बोटानं, कळ सोसत, "कधीच नाही" असं लिहिलं. नीलिमा शेजारीच उभी होती. तिनं एकदा उत्तराकडे आणि एकदा रुमालाकडे पाहिलं, आणि ते पाहणं प्राणेशरावांना बोटापेक्षा जास्त झोंबलं.

म्हणून त्यांनी भाषण केलं. शीर, काळीज, मनगट, सगळं झालं. "आमच्या हाताला इंजिन कळतं," ते म्हणाले. "मध्ये दलाल कशाला?" चालकांनी माना हलवल्या. एकानं टाळीही वाजवली. मग पहिली पाळी त्यांचीच आली.

मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या होत्या. मूठ फिरवली आणि प्राणेशरावांना वाटलं, आपण काही फिरवलंच नाही. चोवीस वर्षं ते ज्या मुठीशी रोज कुस्ती खेळत आले, ती इथं लोण्यासारखी वळत होती. धक्का नाही, हिसका नाही. मनात आणलं तेवढीच गाडी पुढे गेली. दुसरी फेरी संपली. त्यांना थांबायची खूण दिसली नाही, निदान त्यांनी नंतर तसं सांगितलं. तिसरी झाली, चौथी झाली. पाचव्या फेरीला पन्नाशीचा तो गृहस्थ चक्क हसत होता, तोंड उघडं टाकून, घसरगुंडीवरून खाली येणाऱ्या पोरासारखा.

मग समोर उभे असलेले सात जण त्यांना दिसले. तोंड मिटलं. गाडीवरून उतरेपर्यंत कपाळावर आठीही आली.

"कशी वाटली, अण्णा?" भीमाचार्यांनी विचारलं.

"चालते," प्राणेशराव म्हणाले. "पण जीव नाही तिच्यात."

पुढचे सातही जण मग जीवच शोधत फिरले आणि कुणालाच तो सापडला नाही. भीमाचार्यांनी तर उतरताना गाडीला हात जोडले, मेलेल्या माणसाला जोडावे तसे.

चौकटी भरायला मात्र प्रत्येकाला वेगळं टेबल होतं आणि फॉर्मावर नाव घालायचं नव्हतं. प्राणेशरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सगळीकडे पाचावर खूण केली. मग खिशातून चार पानं काढून, खाली लफ्फेदार सही करून, नीलिमाच्या हातात सर्वांसमक्ष ठेवली.

सहा महिन्यांनी कंपनीनं ती गाडी गुंडाळून ठेवल्याची बातमी आली. दर्शिनीत त्या रविवारी प्राणेशरावांनी सर्वांना कॉफी पाजली. "चार पानं," ते म्हणाले. "फक्त चार पानांत आडवी केली." पुढं पुढं चार पानांची दहा झाली, आणि मैदानावर परदेशी साहेबही येऊन बसले.

एका संध्याकाळी त्याच कॉम्प्लेक्सच्या भाजीबाजारात पालक निवडताना नीलिमा भेटली. नोकरी सोडून ती पुण्याला परत चालली होती. प्राणेशरावांनी मोठेपणानं आवाज हळू केला.

"वाईट वाटून घेऊ नकोस, अम्मा. माझं लिहिणं जरा कडक झालं असेल. तुझं काम थांबावं असं मला वाटलं नव्हतं."

नीलिमानं पालकाची जुडी खाली ठेवली. "काका, ती पानं कुणी वाचलीच नाहीत. मॅनेजमेंटनं फक्त चौकटींची बेरीज केली. आठही जणांनी सगळीकडे पाच दिले होते. इतका चांगला रिझल्ट आम्ही कधी बघितला नव्हता."

"मग बंद का केली?"

"वॉशिंग मशीनच्या सर्किटची मोठी ऑर्डर आली. माझी सगळी टीम तिकडे लावली." तिनं जुडी उचलून पिशवीत टाकली. "गाडी चांगली आहे, हे शेवटपर्यंत कुणी मोठ्यानं म्हटलंच नाही हो. तुमच्यात नाही, आणि आमच्या मॅनेजमेंटमध्येही नाही."

एवढं बोलून ती रिक्षात बसली. प्राणेशराव कोथिंबिरीच्या ढिगापुढे स्वल्प वेळ उभे राहिले. आठही जणांनी पाच दिले होते. म्हणजे भीमाचार्यांनीसुद्धा. त्या दिवशी मैदानात एकानं जरी मोठ्यानं "छान आहे" म्हटलं असतं तर? ते आपण एकट्यानंच म्हटलं असतं तर? हा विचार त्यांच्या मनात भाजीवाली मोड परत देईपर्यंत टिकला.

रविवारी ते दर्शिनीत नेहमीच्या जागी उभे होते. "ती पुण्याची मुलगी भेटली," त्यांनी कॉफी फुंकत सांगितलं. "इंजिनीयर आहे, पण प्रामाणिक. स्वतः कबूल केलं तिनं. म्हणाली, काका, असा रिझल्ट आम्ही कधी बघितला नव्हता."

सगळ्यांत आधी मान हलवली ती भीमाचार्यांनी.