मोजायला कोण आलंय?

"मोजायला कोण आलंय?"

माणूस मान धरून रडत असू द्या, कमरेतून मोडलेलं असू द्या, आमचे टेशन मास्तर पहिलं हेच इचारायचे. कुठं दुखतंय ते मागून. डाव्या हातात सुयांची डबी, उजव्या हातानं चष्मा कपाळावर सारायचा अन् दुखणेकऱ्याच्या मागं कोण उभं हाय ते बघायचं. मागं कोणी नसलं की डबी बंद.

पेडगावकडचं आमचं टेशन लहान. लाईनबी तवा लहानच होती, मीटरगेजची. दोन गाड्यांच्या मधी इतका वेळ की रुळाजवळ शेरडं झोपायची. मास्तर हैद्राबादकडचे, एकटेच राहायचे. तिकडं एका सुईवाल्या डॉक्टरनं त्यांची मान नीट केली, तवा हे रजा टाकून टाकून त्याच्यापाशी बसले अन् शिकले. केसावानी बारीक सुया. उकळून घ्यायच्या, टेशनच्या बाकावर माणूस पालथं झोपवायचं, अन् सोबत आलेल्यानं सुया मोजायच्या. आत जाताना अन् भायेर येताना. त्याबिगर सुई न्हाई.

मी लाईनवर गँगमधी होतो. रुळाखालचे लाकडी स्लीपर उचलून उचलून कंबर अशी धरली की मी पार विळ्यावानी झालो. मुकादमाला वाटलं, ह्याला अक्कल आली, वाकून नमस्कार करायलाय. आठ दिवस लय खूष होता. मग कळलं की हे उठायलंच न्हाई. म्हणला, "महिन्याभरात सरळ हो, न्हाई तर घरी बस."

सासरवाडीला जाऊन तापल्या सळईचे डाग दोनदा घेतले होते. पाठीवर बैलावानी खुणा झाल्या, कंबर हाय तिथंच. बायको म्हणायली, तिसऱ्यांदा चला. मला सुया पाहिजे होत्या.

एकटाच गेलो.

"मोजायला?"

"मीच मोजतो की, मास्तर."

"हौ? पाठीला डोळे हायेत का रे तुझ्या?" डबी बंद.

दुसऱ्या दिवशी गँगमधला गडी घेऊन गेलो. मास्तरनं त्यालाच इचारलं, "ह्याच्या घरी ठाऊक हाय का?" गडी माझ्याकडं बघायला लागला. डबी बंद. "घरच्याला चोरून नक्को. उद्या काही झालं तर सांगशील कोणाला?"

घरी सांगितलं तर बायकोनं भाकर थापायचं सोडून दिलं. "तीन वाटांच्या तिकाटण्यावर लिंबाला सुया टोचून ठेवतेत, तसं तुमाला टोचून घेता व्हय? कोणाची करणी म्हणायची ही?" तीन दिवस ती म्हशीशी बोलली, माझ्याशी न्हाई. म्हैसबी माझ्याकडं रागानं बघायली.

मग एक दिवस मास्तरच आले. उंबऱ्याभायेर बसले, पाणी पिले, सोताच्या मनगटाजवळ एक सुई घातली. "बाई, बघा. मोजा."

बायको उठून आत गेली. लय वेळानं चुलीपासून आवाज आला, "मला धाच्या म्होरं मोजता येत न्हाई. चुकलं माझ्या हातून तर?"

बारा वर्षं झालती लग्नाला. मी कधी इचारलंच नव्हतं. कसं इचारू? मलाबी येत न्हाई.

मास्तर म्हणले, "जवारी हाय ना घरात? सुई आत गेली, एक दाणा मुठीत. सुई भायेर आली, दाणा खाली. मूठ रिकामी झाली की ह्याला उठवायचं. मोजायचं कशाला?"

ती आली. पदराला जवारी बांधून. मी बाकावर पालथा, अन् पहिल्याच सुईला असा वरडलो की शेरडं उठली.

"अरे, अजून स्पिरिट लावायलोय," मास्तर म्हणले. बायकोनं कपाळावर हात मारला.

सुया काढून झाल्या. मास्तर म्हणले, "ऊठ." बायको म्हणली, "उठायचं न्हाई!" मुठीत एक दाणा राहिलेला. तेवढ्यात गाडी आली. मास्तर झेंडी घेऊन पळाले. मी उघडाबंब पालथा, अन् अख्खी गाडी खिडक्यांतून बघायली. एका म्हाताऱ्यानं इचारलं, "गेला का?" बायको म्हणली, "न्हाई हो, दाणा राहिलाय."

गाडी गेल्यावर सुई सापडली. गुडघ्याच्या मागं, धोतराच्या घडीत. मास्तरनं डबी बाजूला ठेवली अन् माझ्या बायकोला हात जोडले.

धा-बारा खेपा झाल्या. कंबर निम्मी उतरली, सारी न्हाई. मास्तरनं आधीच सांगितलं होतं, "सुईनं दुखणं निजतंय. परभणीच्या डॉक्टरला दाखव, अन् स्लीपर उचलू नक्को." वर साहेबाशी बोलून मला फाटकावर बसवलं त्यांनीच. अन् ज्याचं कोणी न्हाई, त्याला मोजायला माझी बायको बसायला लागली. मास्तरनं इचारलं की पालथ्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "ती हाय की!"

तुमीबी बघितलं असंल असं एखादं माणूस, जे साऱ्यांच्या मागं कोण हाय ते बघतंय, अन् ज्याच्या सोताच्या मागं मातर कोणीच उभं नसतंय. आमी कुठं बघितलं!

मोठ्या लाईनीचं काम निघालं अन् त्यांची बदली झाली. जायच्या दिवशी बाकावर बसले होते, पेटी पायाशी. गुडघा त्यांचा लय धरायचा. म्हणले, "लांब जायचंय, घालून घेतो." सुई उचलली अन् थांबले. चष्मा कपाळावर सारला, माझ्याकडं बघून हळूच म्हणले, "मोजायला कोण आलंय?"

बायको त्यांच्यासाठी भाकरी आणायला घरी गेलती. मी म्हणलो, "मी हाय की." तिनं बाकावर ठेवलेली जवारीच घेतली.

अन् मी बोलत बसलो. रडू येऊ नये म्हणून हसवत बसलो. जल्मात पहिल्यांदा ती गाडी टायमावर आली. मास्तरनं भराभर सुया काढल्या, मी न बघताच दाणे टाकत गेलो; त्यांनी पायजमा खाली केला, डबी खिशात घातली अन् चढले. बायकोनं पळत येऊन खिडकीतून भाकरी दिल्या. गाडी हलली. हात हलवायला मी मूठ उघडली.

एक दाणा.

"मास्तर, एक राहिली! एक राहिली!" मी गाडीमागं वरडत पळालो. त्यांना वाटलं, निरोप देतोय. त्यांनीबी हात हलवला.

बायको अजून इचारती, "दाणा तुमी जास्तीचा उचलला होता, का सुई राहिली?" मला सांगता येत न्हाई. दाणा देवाच्या कोनाड्यात हाय. कंबर दुखली की दवाखान्यात जातो. तिथं नंबर इचारतेत, संगं कोण आलंय ते न्हाई.

मी लय जागी चुकलोय, तसाच त्या दिवशीबी चुकलो असेन. चुकलोच असावा. पण न्हाई चुकलो, तर तिकडं गाडीतून उतरल्यावर त्यांच्या गुडघ्यामागं बघायला कोणी तरी असावं.