दातांमागची तार

माझे दात आता एका ओळीत आहेत. कुणाच्या हळदीला, बारशाला गेले की एकजण तरी म्हणतंच, "अगं, हसताना किती छान दिसतेस!" मी थँक्यू म्हणते. मनात म्हणते, डोंबल माझं. ज्या माणसासाठी हा खटाटोप केला त्याने हे दात कधी पाहिलेच नाहीत. आणि तो माणूस हातचा गेला तोही या खटाटोपामुळेच. हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून इतके दिवस सांगितलं नव्हतं.

आम्ही लालबागचे. आई, मोठा भाऊ, वहिनी आणि मी. घरात सगळ्यात मोठं तोंड माझं. मी बोलायला लागले की आई म्हणायची, "सुरू झालो गो बाय हिचो पट्टो." परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काउंटरवर बसते. नाव सांगा, वय सांगा, उपाशी आलात ना, चहा प्यायलात? मग आता उद्या या. दिवसभर हेच. रक्त द्यायला घाबरणाऱ्या म्हाताऱ्यांना मी बोलण्यात अशी गुंतवते की सुई कधी गेली ते त्यांना कळत नाही. बोलणं हे माझं एकमेव भांडवल. रूप बेताचंच, आणि वरचे दोन दात पुढे, त्यातला एक दुसऱ्यावर चढून बसलेला. आजोळकडून आलेले. आमच्या लहानपणी दात दुखला तर काढायचा, याच्यापुढे दातांचा विचार कुणी केला नाही.

मीही केला नव्हता. पण पस्तिशीनंतर एक स्थळ बघायला आलं आणि जाताना जिन्यात त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे हो, दात तेवढे…" जिना आमचा अरुंद, आवाज वर येतो. त्या दिवसापासून मी फोटोत तोंड मिटायला लागले.

मग गिरगावच्या मावशीने हे स्थळ आणलं. चाळिशीचा माणूस, कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला, घटस्फोट झालेला, आई आणि तो असे दोघंच. मावशीने नंबर दिले आणि आमचे मेसेज सुरू झाले. काय सांगू, मला वाटलं नव्हतं मी या वयात अशी फोन उशाशी घेऊन झोपेन. मी लॅबमधल्या गमती लिहायची, भलंमोठं लिहायची. तो थोडकंच लिहायचा, पण वाचून लिहायचा. एकदा त्याने लिहिलं, "तुमचे मेसेज आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, हिला घरी आण, घरात आवाज येईल." मी ते वहिनीला दाखवलं. वहिनी म्हणाली, "हा गेला कामातून."

भेटायचं ठरलं गणपतीनंतर. गणपतीत लालबागमध्ये आमचेच लोक आमच्या घरी पोचत नाहीत, पाहुणा कुठून येणार! म्हणजे मध्ये बराच अवधी होता, आणि मला सुचलं की दातांचं काहीतरी करून टाकावं. त्याने माझा फक्त मिटल्या तोंडाचा फोटो पाहिलेला. जिन्यातलं ते ‘दात तेवढे’ मला पुन्हा ऐकायचं नव्हतं.

दादरला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आरसा दिला, सगळं समजावलं. पुढून लोखंडी तारा, पुढूनच पण दाताच्या रंगाच्या, काढता-घालता येणारी पारदर्शक कवचं, आणि दातांच्या मागून बसवायच्या तारा. कवचं माझ्या दातांना चालण्यासारखी नव्हती. मागच्या तारांबद्दल त्या म्हणाल्या, "बाहेरून कुणाला कळणार नाही. पण जिभेला त्रास होतो. सुरुवातीला बोलणं थोडं अडखळतं. पुढून बसवल्या तर ते एवढं होत नाही. तुमचं काम बोलण्याचं आहे, नीट विचार करा."

मी विचारलं, "दिसणार नाहीत ना?"

त्या म्हणाल्या, "दिसणार नाहीत."

बाकीचं माझ्या कानात शिरलंच नाही.

घरी दोन दिवस यावरच चर्चा. आई म्हणाली, "ह्या वयात कित्याक गो? इतकी वर्सा खाल्लंस ना त्याच दातांनी?" भाऊ म्हणाला, तुझे दात, तू बघ. वहिनी तेवढी नीट बोलली. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबवून म्हणाली, "बसवायच्याच तर सरळ पुढून बसव. हल्ली कितीतरी मोठ्या बायका बसवतात. आणि तुझ्या त्या मेसेजवाल्यांना सांगून टाक. हसले तर हसले."

"वेडी आहेस का? पहिल्याच भेटीला तोंडात तारा घेऊन जाऊ?"

"मग भेट होऊ दे. नंतर बसव. घाई कुणाला आहे?"

घाई मलाच होती; भेटीपर्यंत दात थोडे तरी आत सरकतील अशी आशा होती. उघड्या दातांनी त्याच्यासमोर बसायची मला भीती वाटत होती, हे मी वहिनीला सांगितलं नाही. शेवटी ती म्हणाली, "बरं बाई, मागून बसव. पण त्यांना सांग तरी."

मी म्हटलं, "लपवायच्या म्हणून तर मागून बसवतेय. मग सांगायचं कशाला?"

केवढा शहाणपणा वाटला होता मला त्या वाक्यात! आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मापाच्या तारा बनून यायलाच महिना-दीड महिना गेला, आणि भेटीच्या आठवडाभर आधी त्या बसल्या. पहिल्याच दिवशी जीभ सोलवटून निघाली. डॉक्टरीणबाईंनी तारेवर लावायला मेण दिलं होतं, ते जेवताना निघायचं, पोटात जायचं. तोंड आलं, तिखट बंद झालं. आमच्या घरात तिखट बंद म्हणजे जेवण बंद. आणि बोलणं! शाळेत बाई सांगायच्या, चाळीतला च वेगळा आणि चिमणीतला च वेगळा. तेव्हा वाटायचं, या बाईंना काही कामं नाहीत. आता कळलं. चिमणी कशीबशी निघायची, चाळ निघायचीच नाही. जीभ दातामागे टेकायला जायची आणि तिथे तार. ‘चांगलं’चं ‘थांगलं’ व्हायचं, ‘माझं’चं ‘मादं’. लॅबमध्ये मी म्हणायची, "थँपल द्या." एक आजोबा माझ्याकडे काळजीने बघून म्हणाले, "पोरी, तोंड वाकडं झालंय का तुझं? वेळेत दाखव हो." मी त्यांना तारांचं सांगून टाकलं. परक्या माणसाला सांगताना मला काही वाटलं नाही.

पहिली भेट दादरला, स्टेशनजवळच्या हॉटेलात. तो फोटोपेक्षा बरा होता. शर्टाची बाही नीट घडी घालून वर घेतलेली, बोलताना समोरच्याकडे बघणारा. त्याने विचारलं, काय घेणार? मी पियूष म्हटलं, कारण ते चावावं लागत नाही. तो म्हणाला, "आणि साबुदाणा वडा? तुम्ही लिहिलं होतं की दोन प्लेट खाता." मी मानेनेच नको म्हटलं. तो बोलत राहिला आणि मी मूग गिळून बसले. हसायचं तर ओठ मिटून, कारण हसताना मेण सुटेल अशी धास्ती. तो मध्येच थांबून विचारायचा, "बरोबर ना?" मी म्हणायची, "हं."

घरी येऊन मी त्याला चांगला चार बोटं लांब मेसेज लिहिला. त्याने पहिल्यांदाच उत्तराऐवजी फोन केला. मी उचलला नाही. लिहिलं, "पाहुणे आलेत." दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. लिहिलं, "काउंटरवर गर्दी आहे." तिसऱ्यांदा केला तेव्हा वहिनी समोर होती. ती म्हणाली, "उचल गं! सांग ना सरळ!" मी फोन उलटा करून ठेवला. एकदा लपवलं की मग लपवलं हेच सांगायची लाज वाटायला लागते. मी मनाशी म्हणायची, अजून थोडे दिवस, जीभ सरावेल, मग बोलू की पोटभर.

दुसऱ्यांदा आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो. संध्याकाळ होती, मैदानात क्रिकेट चाललेलं. तो त्या दिवशी गंभीर होता. त्याने आपणहून पहिल्या लग्नाचं सांगितलं. त्या मुलीच्या घरच्यांनी लग्नासाठी तिच्यावर बळजबरी केली होती, आणि हे त्याला लग्नानंतर कळलं. ती घरात पाहुण्यासारखी राहायची. काय झालं विचारलं तर म्हणायची, काही नाही. भांडणसुद्धा करायची नाही. एक दिवस माहेरी गेली ती परत आली नाही. "तिची चूक नव्हती," तो म्हणाला. "पण रोज संध्याकाळी त्या गप्प घरात जाताना माझे पाय जड व्हायचे. पुन्हा ते मला झेपणार नाही."

मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "म्हणून तुम्हाला स्पष्ट विचारतो, राग मानू नका. घरचे मागे लागलेत म्हणून नाही ना? तुम्हाला स्वतःला हे लग्न हवंय?"

माझ्या मनात उत्तर असं उसळलं की काय सांगू! माझ्या घरच्यांची काय बिशाद माझ्यावर जबरदस्ती करायची! मला तुम्ही आवडलात, तुमच्या आईंना भेटायचंय, तुमच्या त्या घरात मी इतकी बोलेन की तुम्ही हात जोडाल. सगळं ओठांपर्यंत आलं. पहिलाच शब्द ‘माझ्या’, आणि जीभ तारेला लागली. आतला चट्टा झोंबला, डोळ्यांत पाणी आलं. तोतरं, बोबडं, थुंकी उडवत हे सगळं याला ऐकवायचं? या क्षणाला? नाही धजले.

मी खाली बघून म्हटलं, "हो."

या एका शब्दाला दात लागत नाहीत. त्याने वर घेतलेली बाही खाली करून बटण लावलं. मग म्हणाला, "निघू या?"

पुढच्या रविवारी मावशी घरी आली ती रागातच. "दातखीळ बसली होती का गं तुझी? त्यांना वाटतंय मेसेज लिहिणारी कुणी दुसरीच आहे. वहिनी लिहीत असेल म्हणे, नि मुलीला पुढे बसवलंय. मुलीच्या मनात नाही आणि आम्हाला कुणावर जबरदस्ती नको, असं त्यांनी सांगितलंय." वहिनी उठून मावशीसाठी चहा टाकायला गेली.

मी काय करावं? लगेच फोन करावा की नाही? पण माझं डोकं फिरलं. दुसरं कुणी लिहितंय? मला खोटी म्हणतो? गेला उडत! त्याचे सगळे मेसेज मी पुसून टाकले. त्या तिरमिरीत दिवाळी गेली. राग उतरल्यावर मात्र काही गोड लागेना. काउंटरवर एखादी गंमत झाली की हात फोनकडे जायचा, हे याला लिहू या. मग आठवायचं.

तोवर जीभ सरावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं, कधी ते कळलंही नाही. एका सकाळी मी एका बाईंना म्हटलं, "साखरेचा रिपोर्ट ना? जरा बसा," आणि मलाच ऐकू आलं की सगळं बरोबर आलं. मला रडू फुटलं. त्या बाई म्हणाल्या, "काय झालं हो? रिपोर्ट वाईट आलाय का माझा?"

दुपारी सुट्टीत लॅबच्या मागच्या जिन्यात उभं राहून मी त्याला फोन लावला. त्याने उचलला, आणि मी जी सुरू झाले ती थांबलेच नाही. जिन्यातल्या त्या बाई, तारा, मेण, पियूष, न उचललेले फोन, सगळं सांगितलं. मेसेज माझेच होते, प्रत्येक शब्द माझा होता, हे दोन-तीनदा सांगितलं. तो मध्ये हसलासुद्धा. मग म्हणाला, "तुम्ही अशा बोलता होय?" आणि त्याचा आवाज बदलला. "फार उशीर झाला हो. मागच्या आठवड्यात माझी सुपारी फुटली, लग्न ठरलं."

मी म्हटलं, "पण तुम्ही मला विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं की!"

"हो, म्हटलं होतंत." तो म्हणाला. "पहिल्या वेळी तिलाही मी हेच विचारलं होतं. तीही असंच खाली बघून नुसतं ‘हो’ म्हणाली होती."

मग मी त्याचं अभिनंदन केलं. चांगलं झालं म्हटलं, आईंना नमस्कार सांगा म्हटलं. सगळी अक्षरं अगदी स्वच्छ आली.