सातवा भाग आणि अण्णांची हद्द

तोंडाला काळं कापड बांधून शहर राखणाऱ्या त्या माणसाची मालिका मला कधीच फारशी आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. पण दर शुक्रवारी तिचा नवा भाग यायचा आणि शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत त्याचं परीक्षण पुण्यातल्या एका वेबसाइटला पाठवायचं, हे काम मी पत्करलं होतं. आई गेल्यावर मी पूर्णेला अण्णांजवळ येऊन राहिले, तेव्हा घरी बसून करता येण्यासारखं तेवढंच हाती लागलं. वडिलांना एकटं सोडायची सोय नव्हती. आधी माणसांची नावं, मग गावांची, मग आई आता नाही ही गोष्ट, असं एकेक त्यांच्या डोक्यातून गळत चाललं होतं. मला मात्र ओळखायचे. सकाळी उठले की "बाई, च्या झाला का?" एवढं विचारायचे आणि माझा दिवस तरून जायचा.

अण्णा रेल्वेत गँगमन होते. उन्हाळ्यात रूळ तापून वाकडे होतात, म्हणून भर दुपारी गस्त घालावी लागते. त्या गस्तीची रीत मला लहानपणापासून पाठ. प्रत्येकाची हद्द ठरलेली. हद्दीच्या टोकाला पलीकडचा माणूस समोरून चालत यायचा, दोघं आपापल्या वह्या अदलाबदल करायचे आणि मागं फिरायचे. वही हातात आली म्हणजे पलीकडचा रूळ धड आहे. समोरचा आलाच नाही, तर अर्धा तास थांबायचं आणि मग तो भेटेपर्यंत पुढं चालत राहायचं, कारण पुढं काहीतरी घडलेलं असणार.

त्यामुळे मालिकेचं खरं परीक्षण अण्णांनीच केलं. पहिला भाग ते माझ्याशेजारी बसून पाहत होते. तो गडी या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या मारत होता, आणि अण्णा म्हणाले, "ह्यो एकलाच हिंडायलाय. समोरून कोण येतंय ह्याच्या? वही कुणाला देतो ह्यो?" मी पोट धरून हसले आणि तेच वाक्य उचलून परीक्षणात घातलं. वाचकांनाही तेवढंच आवडलं. खाली अण्णांचा उल्लेख मात्र केला नाही, एवढी मी शहाणी.

सातव्या भागात त्या गड्याची मुलगी आगीत सापडते. तो तिला उचलून बाहेर आणतो, तिच्याशी बोलतो, आणि ती बापाला ओळखत नाही. माझं डोकंच फिरलं. आवाज ओळखू येत नाही? हात ओळखू येत नाहीत? मी टिपणांच्या वहीत लिहिलं, 'वीतभर कापडामुळे रक्ताचं माणूस ओळखू येत नाही, ही थाप लेखकाने दुसरीकडे जाऊन मारावी. पाचपैकी दोन गुण.' वाक्य झकास जमलं म्हणून स्वतःवरच खूश होऊन तो प्रसंग पुन्हा लावला. कानात हेडफोन होते. मे महिन्यातली दुपार, दोन वाजले असतील. अण्णा खोलीच्या दारात येऊन काहीतरी बोलले. पडद्यावरची नजर न काढता मी नुसता हात वर केला. तो हात 'थांबा' म्हणून होता की 'बरं' म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

भाग संपला तेव्हा बाहेरचं दार सताड उघडं होतं. अण्णा घरात नव्हते. स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलेलं गॅसचं पुस्तक जागेवर नव्हतं, तेही मी पाहिलं, पण ते पाहून काही सुचेल इतकं डोकं ठिकाणावर कुठं होतं. हातातली टिपणांची वही तशीच पिशवीत कोंबली, तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि स्कूटी काढली. बसस्टँड पाहिलं, न्हाव्याचं दुकान पाहिलं, जिथं ते कधीकाळी बसायचे तो चहाचा गाडा पाहिला. कुणाच्याच नजरेला पडले नव्हते. काखेत कळसा नि गावाला वळसा, तशी मी पाऊण तास गावभर फिरले. शेवटी स्टेशनात शिरले. रुळांवरून उन्हाच्या झळा निघताना दिसल्या आणि ते गॅसचं पुस्तक आठवलं. त्यालाच गस्तीची वही समजून अण्णा ड्युटीवर गेले होते.

पलीकडच्या हद्दीचा त्यांचा जोडीदार चार वर्षांपूर्वी वारला होता. अण्णा स्वतः त्याच्या मातीला गेले होते. आता ते अर्धा तास थांबणार आणि तो भेटेपर्यंत चालत राहणार, म्हणजे ते थांबणारच नव्हते. त्यात त्यांच्या डोक्यात अजून एकच लाइन. आता दोन लाइनी झाल्या होत्या आणि विजेवरच्या गाड्या कधी मागून येतील याचा नेम नव्हता.

स्टेशनातल्या साहेबांना सांगितलं. त्यांनी लगेच फोन लावले. अण्णांची हद्द पुढच्या चुडावा स्टेशनाच्या बाजूला होती, मी तिकडं निघाले. फाटकावरचा माणूस म्हणाला, "एक बाबा गेले की. हाक मारली तर म्हणाले, डुटीवर हाय. मला वाटलं, हाईत कुणी जुने." मी स्कूटी तिथंच टाकली आणि रुळाच्या कडेनं पळत सुटले. तो मागून ओरडून सांगत होता की ड्रायव्हरांना कळवलंय, गाड्या हळू घेतील. खडीवरून चपला सरकत होत्या. मागून एक मालगाडी आली, मी झुडपांत सरले. तिचे डबे संपता संपत नव्हते. मी नवस बोलणारी बाई नाही. त्या दिवशी बोलले, आणि एकाला नाही, आठवतील तेवढ्या सगळ्यांना बोलले.

शेवटचा डबा गेला आणि दूरवर पांढरा सदरा दिसला. अण्णा आपली हद्द कधीच ओलांडून पुढं गेले होते. हात मागं बांधून, मान खाली घालून, एकेक स्लीपर बघत ते चालले होते. मी धावत जाऊन त्यांच्या पुढ्यात उभी राहिले, स्कार्फ ओढून काढला आणि म्हणाले, "अण्णा, मी आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

"बाजूला व्हा, ताई," ते म्हणाले. "गाडीचा टाइम हाय."

अण्णांनी मला उभ्या जन्मात बाई सोडून दुसरी हाक मारली नव्हती, ताई तर कधीच नाही. मी त्यांचा हात धरून ओढला. त्यांनी तो हिसडून सोडवला, आणि त्या हातात केवढा जोर होता. मी रडत होते, गयावया करत होते, आणि ते समोरचा माणूस शोधत पुढं चालले होते. शेवटी मी शेतात उतरले, नांगरलेल्या ढेकळांतून वळसा घालून त्यांच्या बऱ्याच पुढं गेले, स्कार्फ पुन्हा तोंडाला गुंडाळला आणि रुळाच्या कडेनं समोरून चालत आले.

अण्णा थांबले. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

"कामून इतका उशीर रं?" ते म्हणाले. "मला वाटलं, तुला काय झालं का काय."

मी काहीच बोलले नाही. आवाज ओळखू येईल ही भीती नव्हती, येणार नाही हीच भीती होती. त्यांनी गॅसचं पुस्तक पुढं केलं. मी पिशवीतून टिपणांची वही काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली, माझ्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि समाधानानं मान हलवली. नेमकं तेच पान होतं, वीतभर कापडाचं. मला तिथल्या तिथं मरून जावंसं वाटलं.

वही काखेत मारून ते पूर्णेच्या दिशेला वळले.

"चलतो गड्या," ते म्हणाले. "घरी बाई एकली हाय. वाट बघायली आसंल."

मी मान हलवली. रीतीप्रमाणे पाठ फिरवून दहा पावलं चुडाव्याकडं चालले, आणि मग त्यांच्या मागोमाग घराकडे निघाले.