निळ्या रंगाची राखण

समुद्रकाकूंच्या घरी चहा मिळायचा, पण तो स्वयंपाकघरातच प्यावा लागायचा. पुढच्या खोलीत कप घेऊन पाऊल टाकलं की संपलंच. "चहा तिकडे. इथल्या समुद्रात पुरेसं पाणी आहे," असं ऐकवून त्या कप काढून घेत. वेल्समधल्या कार्डिफच्या आमच्या मराठी मंडळात भलेभले त्यांना वचकून असत. मी तर पुण्याहून नवीन आलेली. मला पहिल्याच भेटीत दोनदा हात धुवायला पाठवलं होतं.

हा सगळा सोवळ्याचा थाट चित्रांसाठी. एकोणिसाव्या शतकातली ब्रिटिश जलरंगचित्रं, छापचित्रं. बंदरं, लाकडी धक्के, ओहोटीच्या चिखलात कलंडलेल्या होड्या. म्हणून तर मंडळात नाव पडलं समुद्रकाकू. हॉस्पिटलच्या एक्स-रे डिपार्टमेंटमध्ये नोकरी करता करता या बाईनं ती ऑक्शनमधून, जुन्या बाजारांतून एकेक करून जमवलेली. भिंतीवर मात्र एकही नाही. सगळी कपाटाच्या सपाट खणांत, अंधारात. उजेडानं जुना निळा रंग उडतो आणि आकाश विटकं गुलाबी होतं, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी ऑफिसातसुद्धा ब्लाइंड्स खाली ओढायला लागले.

त्यांचं लाडकं एक जलरंगचित्र होतं. वेल्श किनाऱ्यावरचा धक्का, वर भलंमोठं निळं आकाश, आणि वाऱ्यात टोपली सांभाळणारी एक कोळीण. आमच्या वेंगुर्ल्याच्या धक्क्यावरही हीच उभी असायची, फक्त डोक्याला ही बॉनेटची टोपी नव्हती, असं काकू म्हणायच्या. पडदे ओढून, मिणमिणत्या दिव्यात ते दाखवायच्या. आपण जरा रमतोय तोवर "पाहिलंस? झाकते," म्हणून खण बंद.

मग काकूंचे डोळे गेले. म्हणजे मधली नजर गेली. कडेचं तेवढं दिसायचं, तेही फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मी न राहवून म्हटलं, काकू, आता तरी ते चित्र खिडकीसमोर लावा, दिवसभर बघा.

"माझे डोळे माझ्याबरोबर जाणार," त्या शांतपणे म्हणाल्या. "तो निळा रंग पुढच्या माणसाचा आहे गं."

काय बाई होती!

त्यांनी ते चित्र म्युझियमला द्यायचं ठरवलं. न्यायला माणसं येणार त्या सकाळी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, पडदे उघड, पाचच मिनिटं. मी उघडले. ऊन थेट कागदावर आलं. मान तिरकी करून, उरलेल्या कडेच्या नजरेनं त्या ते आकाश हळूहळू बघत होत्या. माझे डोळे भरून आले. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली.

"किती झाली गं मिनिटं?" मान न वळवता त्यांनी विचारलं.

"दोन," मी म्हटलं.

काकू थोडं हसल्या. "बरं," म्हणाल्या, आणि चित्रावर आणखी खाली वाकल्या.