रामकिसनचा कान आणि तीन साउंड कार्डं

तेरखेड्याच्या फटाका कारखान्यात रामकिसनला सगळे पारखी म्हणत, आणि त्याची किती हवा आपल्या डोक्यात गेली होती हे आता तो स्वतःच सांगत सुटतो. सुतळी बॉम्बची नवी खेप सुकली, की त्यातला एक माळावर नेऊन उडवायचा आणि रामकिसननं आवाजावरून निकाल द्यायचा, कारण सुतळी जितकी घट्ट तितका बार भरीव. त्याची ढब ठरलेली होती. उजव्या कानावर तळहात गच्च दाबायचा, डावा कान माळाकडं करायचा, डोळे मिटायचे. बार झाल्यावर थोडा वेळ गप्प राहायचं, कारण लगेच बोलणाऱ्याला कुणी जाणकार समजत नाही. मग जाहीर करायचं, "दोरी ढिली हाय." की शेडमधल्या बायका पुन्हा बसून प्रत्येक बॉम्बवर सुतळीचा आणखी एक थर चढवायच्या.

त्या बायकांत त्याची बायको महानंदाही होती. गेली दोन वर्षं जवळजवळ प्रत्येक खेप ढिलीच निघत होती. "सुतळी आवळून आवळून बोटाला घट्टे पडलेत, आन् तुमी ढिली म्हणताव?" असं ती एकदा चिडून म्हणाली. रामकिसन म्हणाला, "बोटाला काय कळतं? कानाला कळतं." हे आठवलं की आता त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पण तेव्हा कानाचा रुबाबच तसा होता. लग्नाचा बँड ठरवायचा, जुना ट्रॅक्टर घ्यायचा, देवळातला भोंगा बदलायचा, काहीही असो, लोक आधी रामकिसनला बोलवायचे. गावात त्याला जी काही किंमत होती ती या कानामुळं. शेत दीड एकर, शिक्षण आठवी, बाकी दाखवण्यासारखं काय होतं?

लेक प्रतीक्षा कळंबला कॉलेजात जायची. तिच्या कॉम्प्युटरचा आवाज अलीकडं खरखरायला लागला होता. शिवाय रविवारी दुपारी उजव्या कुशीवर लोळून पिक्चर बघणाऱ्या रामकिसनची तक्रार होती की बार ऐकू येतात, पण माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. "नवं साउंड कार्ड घेऊ," प्रतीक्षा म्हणाली. तिला गेम खेळताना शत्रूची पावलं कुठून येतात ते कळायला हवं होतं. रामकिसन म्हणाला, "आवाजाची वस्तू हाय ना? मग निवडणार म्या."

कळंबच्या दुकानात दुकानदार योगीराजनं तीन कार्डं काउंटरवर मांडली. एक कॉम्प्युटरच्या आत बसणारं, दोन बाहेरून जोडायची. एकाला आठ स्पीकर जोडता येतात, असं त्यानं सांगितलं. "आठ स्पीकर? घरात माणसं तीन," रामकिसन म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. तेवढ्यात तेरखेड्याचेच दोघं दुकानात शिरले. त्यांनी पारख्याला ओळखलं आणि बघत उभे राहिले. मग काय, रामकिसनच्या अंगात आलं.

योगीराजनं पिक्चरमधला एक प्रसंग लावला. रामकिसननं उजव्या कानावर तळहात दाबला, डावा कान स्पीकरकडं केला, डोळे मिटले.

"मेंगळट," तो म्हणाला.

दुसरं कार्ड लावलं. "ह्ये त्याच्याहून मेंगळट."

तिसऱ्याला तर त्यानं हातच झटकला. "योगीराज, लोकांना फसवायलाव का? ह्यात जीवच न्हाय." गाववाले कौतुकानं मान डोलवत होते. योगीराजनं आवाज पार शेवटाला नेला. रस्त्यावरचा एक मोटारसायकलवाला थांबून आत डोकावला, आणि रामकिसन आपला डोळे मिटून म्हणत होता, "आजून बारीकच हाय."

प्रतीक्षानं त्याचा तळहात धरून उजव्या कानावरून काढला.

त्या आवाजानं रामकिसन जागच्या जागी दचकला. काउंटरची काच थरथरत होती. त्यानं तळहात पुन्हा कानावर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. तीस वर्षं प्रत्येक बार ज्या कानावर घेतला, तो डावा कान कधीच गेला होता आणि पारख्याला त्याचा पत्ता नव्हता.

"तिन्ही चांगली हायेत," प्रतीक्षा घाईघाईनं म्हणाली. "अप्पा गंमत करायलेत." तिनं बाहेरून जोडायचं साधं कार्ड उचललं. दोन स्पीकर आणि हेडफोनला तेवढं पुरे होतं, आणि दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करायची, म्हणजे एकाच कानानं सगळं ऐकायची सोयही कॉम्प्युटरमध्येच आहे, असं योगीराजनं हळूच सांगितलं. रामकिसनच्या कुठल्या कानाजवळ सांगावं, हे त्याला बरोबर कळलं होतं.

परतताना गाडीवर ती मागून म्हणाली, "अप्पा, म्या कुणाला सांगणार न्हाय."

सोमवारी नवी खेप सुकली. माळावर रामकिसननं सवयीनं उजव्या कानाकडं नेलेला हात खाली घेतला. बार झाला आणि छातीत हादरा बसला. इतका घट्ट, इतका भरीव आवाज त्यानं दोन वर्षांत ऐकला नव्हता. मालक निकालाची वाट बघत होता. "आज जमलं बायकांना," एवढं म्हणून सुटता आलं असतं. ते वाक्य ओठावर तयारही होतं, आणि त्याची रामकिसनला फार लाज वाटली.

"दोरी कधीच ढिली नव्हती, मालक," तो म्हणाला. "माझा कान गेलाय." रामकिसन तडक शेडमध्ये गेला.

बायका सुतळी गुंडाळत होत्या. महानंदाच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. सगळं सांगताना त्याची जीभ चारदा अडखळली. तिनं ऐकून घेतलं, पण हातातली दोरी सोडली नाही.

"मंजी दोन वर्सं आमी उगंच डबल गुंडाळलं," ती म्हणाली.

"चुकलं माझं," रामकिसन पुटपुटला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले होते.

शेडमधले सगळे हात थांबले. महानंदानं मान वर केली.

"ऐकू न्हाय आलं," ती म्हणाली. "मोठ्यानं बोला."