पागोटं बांधता आलं की माणूस बरा

कापसाच्या वखारीत थोडा वेळ बसलं तरी रुई अंगावर कधी येऊन बसते ते कळत नाही. घरी आल्यावर आई माझा पदर झटकते, तेव्हा ती अंगणभर उडते. वखारीतल्या गोष्टींचंही तसंच आहे. मी त्या गोळा करायला जात नाही. शाळा सुटली की बाबांची भाकरी घेऊन जाते, त्यांचं जेवण होईपर्यंत तराजूमागच्या रिकाम्या पोत्यांवर गप्प बसते आणि परत येते. पण काहीतरी चिकटून आलेलं असतंच!

माझे बाबा अमरावतीत एका शेटजींच्या कापूसवखारीत दिवाणजी आहेत. तिकडे लांब अमेरिकेत भावाभावांत लढाई चालू आहे म्हणे. तिथला कापूस विलायतेला मिळेना, म्हणून आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव आला आहे की वखारीत कुणाला पाणी प्यायची फुरसत नाही. घाई झाली की कुणाचा हात सापडतो, कुणाचा पाय. मग प्रश्न येतो, ज्याला लागलं त्याला द्यायचं किती आणि कधीपर्यंत?

सरकारचा यावर काही कायदा नाही. शेटजींचा आहे. कामावर लागलं तर माणूस बरा होईपर्यंत अर्धी मजुरी. आणि तो बरा झाला हे कशावरून ओळखायचं? त्याला स्वतःचं पागोटं स्वतःच्या हातांनी बांधता आलं की तो बरा!

हा कायदा सरजाबाईपाशी येऊन अडला. ती रेच्यावर बसायची. रेचा म्हणजे लाटण्यासारखे दोन रूळ, एकावर एक. मधून कापूस ओढला जातो, रुई पलीकडे जाते आणि सरकी अलीकडे पडते. दिवाळी झाल्यावर एका सकाळी कापसाबरोबर तिची बोटंही ओढली गेली. तेव्हापासून हात फडक्यात. नवरा वारलेला, लेकरं लहान. मजुरी अशीच बंद राहिली तर संक्रांतीच्या आत खोली सोडून भातकुलीला भावाकडे जावं लागणार होतं. भावाचं नाव ती प्रेमानं घेते. भावजयीचं घेतच नाही.

शेटजी म्हणाले, "माझी द्यायला ना नाही. पण बाई कुठं पागोटं बांधते? बरी झाली हे मी ओळखू कशावरून?"

विचार चालू राहिला. सरजाबाई रोज येऊन दाराशी निंबाखाली बसायची, बाबांकडे बघायची, बाबा नाही म्हणून मान हलवायचे आणि ती जायची. तिचं काय झालं ते शेवटी सांगते, आधी बाकीचे किस्से.

*

हा पागोट्याचा कायदा आला कुठून?

पूर्वी माणूस बरा झाला की नाही हे वैद्यबुवा सांगायचे. त्यांना दर खेपेची वेगळी फी. त्यामुळे जखम काही लवकर सुकायची नाही. शेटजींनी विचारलं की वैद्यबुवा नाडी धरून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अजून आठ दिवस!"

एका हमालाचं मनगट कापसाच्या दाबलेल्या गठाणीखाली मुरगळलं होतं. त्याचे आठ-आठ दिवस बरेच झाले. मग शेटजी जत्रेला गेले, तर तिथल्या आखाड्यात हाच गडी! समोरच्याला उचलून त्यानं असा आपटला की लोकांनी फेटे उडवले. नारळ जिंकून तो शेटजींच्या समोरूनच गेला. वर रामराम घातला.

दुसऱ्या दिवशी शेटजींनी वैद्यबुवांना बोलावलं. "बुवा, याचं मनगट दुखतं म्हणता आणि काल यानं कुस्ती मारली!"

वैद्यबुवा जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "म्हणूनच सांगतो शेटजी, अजून आठ दिवस लागतील!"

शेटजींनी त्यांना कोपरापासून हात जोडले. मग सखाराम मुकादमानं युक्ती सांगितली. "शेटजी, पागोटं बांधाले दोनी हात लागते, साऱ्या बोटायले जोर लागते. बांधून आला का समजा बरा झाला." तेव्हापासून हा कायदा.

*

पण मुकादमाला एक गोष्ट सुचली नव्हती. बरा झालेला माणूस पागोटं न बांधताच आला तर?

किसना नावाचा एक गडी आहे. त्याचा अंगठा चिरला होता. तो बरा झाला होता हे सगळ्यांना दिसत होतं, कारण त्याच अंगठ्यानं तो दिवसभर तंबाखू मळायचा. पण अर्धी मजुरी घरबसल्या मिळते तर घाई कशाला? तो बोडकाच वखारीत यायचा. "काय करू दिवाणजी, बांधता येऊनच नाई राह्यलं."

आता आपल्याकडे मोठा माणूस बोडक्यानं रस्त्यावर दिसला की लोकांच्या मनात एकच येतं. किसना पेठेतून गेला, दोन-चार जणांनी पाहिलं आणि तासाभरात गल्लीत बातमी झाली की किसनाचा बाप गेला! शेजारच्या बाया रडत त्याच्या घरी पोचल्या. एकीनं तर दारातूनच गळा काढला.

दार उघडलं ते किसनाच्या बापानं.

"काहून रडून राहिल्या वो? कोन मेलं?"

बायांनी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा नीट बघितलं. शेवटी एक म्हणाली, "तुमीच!"

म्हातारा हातात काठी घेऊन तडक वखारीत आला. "कुठं हाय तो? मी जिता हाव ना बे!" किसना पुढे आणि म्हातारा मागे, अशा त्यांनी गठाणींभोवती फेऱ्या घातल्या. पळता पळता किसनानं मुकादमाच्या खांद्यावरचा पंचा ओढला आणि डोक्याला गुंडाळला. इतकं सफाईदार पागोटं त्यानं पुन्हा कधी बांधलं नाही!

त्याच दिवसापासून पूर्ण काम आणि पूर्ण मजुरी.

*

नथूची अडचण उलटी होती. त्याच्या पायावर गठाण पडली. पाय सुजून हा एवढा झाला. हात मात्र शाबूत. सवयीप्रमाणे सकाळी उठून त्यानं पागोटं बांधलं आणि पोराच्या खांद्यावर हात टाकून लंगडत वखारीत आला.

शेटजींनी त्याच्या डोक्याकडे बघितलं. "पागोटं कुणी बांधलं?"

"म्याच."

"मग बरा झालास."

नथूनं सुजलेला पाय पुढे केला. "अहो, पायाले लागलं ना! पागोटं पायाले बांधून दाखवू काय?"

"कायदा म्हणजे कायदा, भाई."

नथू खाली बसला आणि अमेरिकेला शिव्या देऊ लागला. "थे दोघं भाऊ तिकडं भांडून राह्यले आन् पाय माहा मोडला! त्यायलेच मांगतो आता अर्धी मजुरी." बाबांना हसू आवरेना. त्यांनी मध्ये पडून शेटजींना समजावलं. मग ठरलं की पायाला लागलं असेल तर त्याच पायावर उभं राहून पागोटं बांधायचं. तोल गेला नाही तर माणूस बरा.

नथूचा तोल अर्थातच गेला. पण मुकादमाला शंका आली. तो म्हणाला, "थांबा, मी पाह्यतो जमते काय." त्यानं धडधाकट पायावर उभं राहून बांधायला घेतलं आणि सरकीच्या ढिगात जाऊन पडला. मग दुसऱ्यानं बघितलं, मग तिसऱ्यानं. थोड्या वेळानं अख्खी वखार एका पायावर उभी होती आणि कापसाच्या गाड्या दारात खोळंबल्या होत्या!

बाहेरून एक गाडीवाला ओरडला, "ओ शेटजी, इथं बगळे पाळले काय?"

नथूला पाय खरंच बरा होईपर्यंत अर्धी मजुरी मिळाली. एका पायावर उभं राहायची पुन्हा कुणाला परवानगी नाही.

*

अकोल्याची रीत वेगळी आहे. माझं सासर तिथलं, मोर्णेच्या काठी जुन्या शहरात. मला अजून नांदायला बोलावणं आलेलं नाही. पण मामंजी मागे आमच्याकडे आले होते, तेव्हा बाबांना सांगत होते. मी दाराआड होते.

मामंजी ज्या वखारीत आहेत तिथं बोटांचे भाव बांधून दिले आहेत. अंगठा सगळ्यात महाग, करंगळी सगळ्यात स्वस्त. आणि डाव्या हाताचं कोणतंही बोट उजव्याच्या निम्म्यानं. तिथं एका हमालाचं डाव्या हाताचं बोट तुटलं. तो म्हणाला, "मी डावखुरा हाव. माहा डावाच उजवा धरा."

तिथले शेटजी पक्के. त्यांनी गड्याला ताटात भाकरी वाढायला सांगितली. "जेव बरं माझ्यासमोर."

बिचारा उजव्या हातानं जेवला. डाव्या हातानं जेवायला लागला की त्याच्या आईनं लहानपणी पाठीत धपाटे घातले होते, ते तो कसा विसरेल? त्यानं परोपरीनं सांगितलं. जेवण सोडून बाकी सगळं मी डाव्यानंच करतो म्हणाला. शेटजी हसले आणि चार माणसांत म्हणाले, "खोटारडा आहेस तू! आणि तुझा बापही तसलाच असणार."

बापाचं नाव निघालं मात्र, हमाल ताडकन उठला आणि मारायला त्यानं हात उगारला. फडक्यात बांधलेला, डावा!

शेटजी दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "पटलं, पटलं! याला उजव्याचा भाव द्या."

*

आमच्या शाळेत गुरुजी त्रैराशिक शिकवत होते. मुली थोड्याच आहोत, त्यामुळे कुणाची पाळी चुकत नाही. माझी आली तेव्हा गुरुजींनी वखारीचंच गणित घातलं. बाबा कुठं कामाला आहेत हे त्यांना माहीत आहे.

"एका मजुराच्या हाताला इजा झाली. त्यास बरे होण्यास एक महिना लागला. त्यास रोज अर्धी मजुरी मिळते. तर एकंदर किती दिवसांची मजुरी मिळेल?"

मी उभी राहिले. मला चटकन बोलता येत नाही. गुरुजींना वाटलं गणित अडलं.

"काय अडलं? विचार."

"मजूर बाई आहे की बुवा?"

गुरुजी हसले. "त्यानं उत्तरात काय फरक पडतो?"

मी म्हटलं, "बाई असेल तर उत्तर अजून शेटजींनी दिलेलं नाही."

गुरुजींनी मला खाली बसायला सांगितलं. ते गणित त्यांनी पुन्हा कुणाला घातलं नाही.

*

आता सरजाबाईचं सांगते. शेवटी ती एक दिवस निंबाखालून उठली आणि सरळ गादीसमोर येऊन उभी राहिली. फडकं सोडून हात पुढे केला. जखम भरली होती, पण दोन बोटं वाकत नव्हती. असल्या हातानं रेच्यावर बसता येत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

"शेटजी, काय ठरलं जी?"

"अगं बाई, कायदा पागोट्याचा आहे..."

"मंग लावा ना मले! मले पागोटं बांधता येत नाई."

"तुला आधी तरी कुठं येत होतं?"

"नाई ना! मंग मी आदीपासूनच जखमी होती. तरी तुमी मले कामावर घेतलं!"

वखारीत असा हशा झाला की आढ्यावरची कबुतरं उडाली. शेटजीही हसले. हसता हसता म्हणाले, "बरं. पागोटं बांधता येईपर्यंत अर्धी मजुरी. सखाराम, हिला शिकव!" त्यांना वाटलं, आठवड्याचं काम आहे.

खोली राहिली. भातकुली टळली. सरजाबाई एका हातानं सरकी निवडू लागली आणि रोज दुपारी मुकादम तिला पागोटं शिकवू लागला. ती मन लावून शिकायची. पहिला वेढा नीट, दुसरा नीट आणि तिसऱ्याला त्या दोन बोटांतून कापड सुटायचं. मुकादम म्हणायचा, "जमते, जमते." ती म्हणायची, "जमन कदी तरी." संक्रांत गेली, होळी आली. पागोटं काही जमेना.

शेवटी परवा शेटजींचा धीर सुटला. ते गादीवरून उठून आले.

"इतकं सोपं काम आणि इतके दिवस? हा सखाराम शिकवतच नाही नीट. दे इकडे, मी बांधून दाखवतो. बघून घे. मी बांधल्यावर तुला बांधावं लागेल, नाहीतर आजपासून मजुरी बंद!"

सरजाबाईचा चेहरा उतरला. बाबांनी घास खाली ठेवला. मी पोत्यांवर उभी राहिले.

शेटजींनी डोक्यावरचं आपलं पागोटं झाकणासारखं अख्खं उचललं आणि गादीवर जपून ठेवलं. मग मुकादमाकडून कापड घेतलं आणि पहिला वेढा घातला. तो कानावर आला. दुसरा डोळ्यांवर आला. त्यांनी तो वर सारला, तेव्हा पहिला सुटून गळ्यात पडला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या खेपेला शेवट कुठं गेला तेच त्यांना सापडेना.

कुणी हसलं नाही. मुकादम निंबावरच्या कावळ्याकडे बघत होता.

सरजाबाई हळूच पुढे झाली. शेटजींच्या गळ्यातलं कापड तिनं चांगल्या हातानं सोडवलं आणि घडी करून त्यांच्या हातात दिलं.

"ऱ्हाऊ द्या शेटजी, घाई नोका करू," ती म्हणाली आणि बाबांकडे वळली. "दिवाणजी, शेटजीयची बी आजपासून अर्धी मजुरी लावा!"