चिंचोके मास्तरांचे अर्धायुष्य

चिंचोके मास्तर दिसण्याआधी ऐकू येत. पटावरच्या खेळासाठी फोडतात तसे, एका अंगाने पांढरे आणि दुसऱ्या अंगाने तपकिरी असे शंभर चिंचोके त्यांच्या कोटाच्या खिशांत असत, आणि उमरखेडच्या सरकारी हायस्कुलाच्या व्हरांड्यात त्यांचा खुळखुळाट मास्तरांच्या चार पावले पुढे चाले. मी तिथे विज्ञानाचा दुय्यम शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा मास्तरांचे त्या गावातले सातवे वर्ष चालू होते. त्यांचे खरे नाव हजेरीपुस्तकात होते. ते कुणी उच्चारल्याचे मला आठवत नाही.

किरणोत्साराची माहिती पुस्तकात जेमतेम अर्धे पान होती. मास्तर तिला आठवडा देत. टेबलावर चादर पसरून ते शंभरही चिंचोके उधळीत. पांढरी बाजू वर आलेले ते फुटलेले अणू, असे ठरवून मुले ते बाजूला काढीत आणि उरलेले पुन्हा उधळले जात. शंभराचे एकावन्न, मग सव्वीस, मग बारा. दर खेपेला साधारण निम्मे जात. पण त्यांतला नेमका कोणता जाईल, हे कुणालाही सांगता येत नसे. निम्मे उरायला जेवढा काळ लागतो, ते त्या पदार्थाचे अर्धायुष्य. एकदा अखेरचा एकच चिंचोका चार खेपा तपकिरीच राहिला, तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, लय थकला असन तो. आता जाईनच."

"चिंचोक्याले मागचं ध्यानात राहत नाही, बाई," मास्तर म्हणाले. "हजार खेपा टिकला तरी पुढच्या खेपेले त्याचा हिशेब तोच. अणूले म्हातारपण नसते."

शाळेत जुगार शिकवतात, अशी लेखी तक्रार एका किराणा दुकानदाराने केली होती. हेडमास्तरांनी दोघांना समोरासमोर बोलावले. मास्तरांनी तिथेच चादर पसरली. अर्ध्या तासाने मी सहीसाठी आत गेलो, तर हेडमास्तर टेबलाखाली वाकले होते आणि खाली पडलेला चिंचोका पांढरा धरायचा की तपकिरी, यावर तक्रारदार त्यांच्याशी वाद घालीत होता.

परीक्षेत मात्र निम्मा वर्ग दर वर्षी एकच चूक करी. रेडियमचे अर्धायुष्य सोळाशे वर्षे, म्हणून पूर्ण आयुष्य बत्तीसशे. शब्दच तसा फसवा आहे. पदवी घेतलेल्या मलाही क्षणभर थांबावे लागे. मास्तर रागवत नसत. "अर्ध्याचं अर्धं उरते, मग त्याचंही अर्धं," ते सांगत. "पुरं आयुष्य कोणतं, ते त्याले विचारूच नका."

मास्तरांची विधवा आई अमरावतीला एकटी राही. तिला दिसेनासे होत चालले होते, आणि आपले घर सोडून इकडे पैनगंगेच्या बाजूला यायला ती राजी नव्हती. मास्तर दर वर्षी बदलीचा अर्ज करीत. पहिला अर्ज मध्यप्रदेशाच्या सरकारकडे गेला, पुढचे मुंबई राज्याकडे, नंतरचे महाराष्ट्राकडे. अर्जांनी तीन राज्ये पाहिली. मास्तर त्याच खोलीत होते. आज ना उद्या जायचेच, म्हणून त्यांनी खाटही विकत घेतली नव्हती. शेजाऱ्याची मागून आणलेली खाट सात वर्षे त्यांच्याकडे होती आणि शेजारी रस्त्यात हटकून विचारी, "काय मास्तर, माही खाट कवा मोकळी करून राह्यले?" मास्तर हसत. शिक्षक समजूत घालीत, की सात वर्षे झाली, यंदा तुमचाच नंबर. तेव्हा मात्र ते हसत नसत.

त्या मे महिन्यात बदल्यांची यादी आली, तीत अमरावतीसाठी माझे नाव होते. मला रुजू होऊन अकरा महिने झाले होते. इतरांनी केला म्हणून मीही अर्ज केला होता. अमरावतीला माझे कुणीच नव्हते. हेडमास्तरांनी मला एकट्याला बोलावून सांगितले, की विज्ञानाचा एकच शिक्षक सोडता येईल. "तुमच्याऐवजी चिंचोके मास्तरांना पाठवावे असे आठवड्याच्या आत लिहून द्याल, तर मी शिफारस करतो," ते म्हणाले. ते पत्र मी त्याच दुपारी लिहिले. सहा दिवस ते भौतिकीच्या पुस्तकात पडून होते. मला त्या गावातून सुटायचे होते. याहून बरे कारण मी पुढे पुष्कळ शोधले, सापडले नाही. सातव्या दिवशी मुदत टळली.

एसटीपर्यंत माझी वळकटी मास्तरांनीच उचलली. पत्राविषयी त्यांना काही ठाऊक नव्हते. माझा उतरलेला चेहरा पाहून ते म्हणाले, "काहून असं तोंड करून राह्यले, भाऊ? ज्याचं निघालं त्याचं निघालं. यात कोणाचा दोष नसते." यात एकाचा होता, हे सांगायला मी तोंड उघडले, तेवढ्यात कंडक्टरने घंटी दिली. ते खिडकीशी आले. "मायले एकडाव भेटजा," एवढेच म्हणाले.

पहिल्याच रविवारी मी गेलो. पायरीवरच्या पावलांवरून हा आपला मुलगा नव्हे, हे त्या माउलीने दार उघडण्याआधीच ओळखले असावे. तिने चाचपडत पाट मांडला, तांब्या-भांडे पुढे ठेवले आणि मुलाची खुशाली विचारली. मी ती सांगितली. आणि विज्ञानाचा शिक्षक असूनही पुढे म्हणालो, की पुढच्या वर्षी त्यांची बदली नक्की होईल.

"मागच्या साली आलते, ते मास्तरही असंच म्हणत होते," ती शांतपणे म्हणाली. "त्याच्या आंधीच्या सालीही एक जण आलते. तुम्ही सारे तिथून सुटून येता अन् मले हेच सांगता, बापू."

मग तिने भांडे माझ्या हाताला लागेल असे पुढे सरकवले आणि पाणी प्यायला सांगितले. मी प्यालो.